नकाशात नसलेली माणसे

काही वर्षांपूर्वी वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात मी प्रमुख धर्मगुरू म्हणून सेवा करीत होतो. चर्चचे एक महत्त्वाचे वर्धापन वर्ष जवळ येत होते. मांडव, रोषणाई आणि जेवणावळींत पैसा खर्च करण्यापेक्षा गावाला कायमस्वरूपी असे काही द्यावे, असा विचार धर्मग्राम परिषदेने केला आणि मला तो मनापासून आवडला. चर्चच्या मागे एक जुने बावखल आहे. एके काळी त्याच्या पाण्यावर भोवतालच्या वाड्या जगत असत. आता त्यात गाळ आणि कचरा साचला होता. बावखल साफ करावे, काठाने माड लावावेत, वृद्धांना बसायला बाके, मुलांना खेळायला मोकळी जागा आणि एका कोपऱ्यात छोटे वाचनालय असावे, असे ठरले. गावातीलच एका तरुण वास्तुशिल्पकाराने मोबदला न घेता सुरेख रंगीत नकाशा काढून दिला. ‘उद्याचे आपले गाव’ असे त्यावर शीर्षक होते आणि खाली परिषदेचा अध्यक्ष या नात्याने माझी सही होती. नकाशा आम्ही सभागृहाच्या भिंतीवर लावला. येणारे-जाणारे त्याच्यापुढे थांबत, कौतुक करीत. मीही दिवसातून एकदा तरी त्याच्यासमोर उभा राहत असे.

महिनाभराने एके दुपारी सभागृह झाडायला येणारी आदिवासी वृद्धा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बावखलाच्या पश्चिम काठाला, चर्चच्याच जमिनीवर, पाच झोपड्या आहेत. वाड्यांत मजुरीसाठी आलेली ती वारली कुटुंबे दोन पिढ्यांपासून तेथे राहतात. तिला वाचता येत नव्हते. पण चित्र तिला कळले होते. ती मला नकाशापाशी घेऊन गेली आणि पश्चिम काठावर बोट ठेवून म्हणाली, “फादर, इथं माड लावणार ना? खड्डे खणायचं काम आमच्या पोरांना द्या.”

तिने बोट ठेवले होते तेथे एका ओळीत सहा हिरवेगार माड काढलेले होते. त्याच जागी तिचे घर होते.

ती तक्रार करायला आली नव्हती. घर जाणार हे तिने गृहीतच धरले होते. निदान चार दिवसांची मजुरी तरी मिळावी, एवढेच तिचे मागणे होते.

मी त्या रात्री परिषदेचे सर्व इतिवृत्त काढून वाचले. झोपड्या हटवाव्यात असा ठराव कोठेच नव्हता. कोणी तशी सूचना केलेली नव्हती, कोणाच्या मनात आकसही नव्हता. परिषदेतील सगळी माणसे मला परिचित होती. दानशूर, सेवाभावी, दर रविवारी मिस्साला येणारी. नकाशा काढणारा मुलगा तर स्वभावाने अत्यंत सात्त्विक. आणि मी स्वतः दर आठवड्याला त्या झोपड्यांवरून चालत जात होतो. तरीही सुंदर उद्याचे चित्र रेखाटताना आम्हां बारा-पंधरा जणांपैकी एकाच्याही नजरेसमोर ती पाच घरे आली नाहीत. दुष्टपणाने घडलेल्या अन्यायाचे स्पष्टीकरण देता येते. सद्भावनेने बसलेल्या माणसांकडून असे कसे घडते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. या लेखात मी त्याचाच थोडा शोध घेऊ इच्छितो.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवताना सदसद्विवेकबुद्धीला न्यायाधीशाची उपमा देत. उपमा योग्यच आहे. परंतु न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी समोर आलेल्या खटल्याचाच निकाल देऊ शकतो. न्यायालयात एक शिपाई असतो. तो दाराशी उभा राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करतो. त्याने एखाद्याच्या नावाचा पुकाराच केला नाही, तर तो माणूस बाहेर व्हरांड्यात बसून राहतो आणि आत न्यायाधीश निश्चिंत मनाने कामकाज संपवून घरी जातो. आपल्या अंतःकरणात हा पुकारा करण्याचे काम कल्पनाशक्ती करते. अठराव्या शतकातील विचारवंत एडमंड बर्क यांनी १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या ग्रंथात ‘नैतिक कल्पनाशक्ती’ असा शब्दप्रयोग केला. त्यांचा रोख वेगळा होता. पण शब्द उपयुक्त आहे. जो समोर नाही, ज्याचा आवाज आपल्या कानापर्यंत येत नाही, त्याला मनश्चक्षूंपुढे उभे करून त्याच्या जागेवरून जग पाहण्याची शक्ती, असा अर्थ मी येथे घेतो.

या शक्तीचा मनोराज्याशी गोंधळ होऊ नये. शेखमहंमदी मनोराज्यात आपण स्वतःच केंद्रस्थानी असतो. तेथे सारे जग आपल्या सोयीने मांडलेले असते. नैतिक कल्पनाशक्ती नेमके उलटे काम करते. ती आपल्याला मध्यभागावरून उठवते आणि दुसऱ्याच्या पाटावर नेऊन बसवते. पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाची कथा आहे. राजाने उरीयाची पत्नी बळकावली आणि उरीयाला रणांगणावर मरायला पाठवले. नाथान संदेष्टा दरबारात आला तेव्हा त्याने राजाला नियमशास्त्राची कलमे सांगितली नाहीत. ती राजाला पाठच होती. त्याने एका गरीब माणसाची आणि त्याच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. ती ऐकून दावीद संतापला, आणि संतापल्यावरच त्याला कळले की गोष्टीतला निर्दय श्रीमंत तो स्वतःच आहे. राजाला नियम माहीत होता. त्या मेंढीवाल्याचे दुःख मात्र त्याच्या मनाच्या दारात कधी आले नव्हते, ते नाथानाने आणून उभे केले.

या शक्तीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील, तर आपल्याला पाचशे वर्षे मागे, कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला या बेटावर जावे लागेल. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचला. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत तेथील तायनो लोकांची संख्या झपाट्याने घटली. सोन्याच्या खाणींतील सक्तीचे श्रम, उपासमार, अत्याचार आणि पुढे साथीचे रोग यांनी ती जमात होत्याची नव्हती होऊ लागली. कायद्याने पाहता हे लोक गुलाम नव्हते. ते स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या ‘हवाली’ केलेले होते. वसाहतवाल्याने त्यांच्याकडून काम घ्यावे आणि मोबदल्यात त्यांना धर्मशिक्षण द्यावे, अशी ती एन्कोमिएंडा नावाची व्यवस्था होती. कागदावर ती किती सोज्ज्वळ दिसते! वसाहतवाले प्रार्थना करीत होते, देणग्या देत होते आणि आपण चांगले ख्रिस्ती आहोत असे प्रामाणिकपणे समजत होते.

२१ डिसेंबर १५११ रोजी, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, आंतोनियो दे माँतेसिनोस हे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू त्या बेटावर प्रवचनाला उभे राहिले. समोर कोलंबसाचा मुलगा दिएगो, जो बेटाचा राज्यपाल होता, आणि गावातील सारे प्रतिष्ठित बसले होते. प्रवचन त्यांच्या एकट्याचे नव्हते. मठातील सर्व बंधूंनी ते मिळून तयार केले होते आणि त्यावर सह्या केल्या होत्या. माँतेसिनोस यांनी श्रोत्यांना विचारले, ज्यांना तुम्ही राबवून मारता ते माणसे नाहीत काय? त्यांना विवेकशील आत्मा नाही काय? सभेत खळबळ उडाली. प्रवचन मागे घ्यावे म्हणून संतप्त मंडळी मठावर चालून गेली. पुढील रविवारी ते ऐकायला साऱ्यांनी गर्दी केली, आणि माँतेसिनोस यांनी तेच अधिक कठोर शब्दांत सांगितले. इतकेच नव्हे, तर या लोकांना राबवणाऱ्यांना पापक्षमा दिली जाणार नाही, असेही जाहीर केले.

त्याच काळात बेटावर बार्तोलोमे दे लास कासास नावाचे धर्मगुरू होते. १५०२ साली ते वडिलांबरोबर तेथे आले होते. त्यांच्याही हवाली तायनो मजूर होते. त्या प्रवचनाने ते लगेच बदलले, असे घडले नाही. एका डोमिनिकन धर्मगुरूने त्यांना पापक्षमा नाकारली, तेव्हा त्यांनी त्याच्याशी वाद घातला. पुढे क्युबाच्या मोहिमेत डोळ्यांदेखत झालेल्या कत्तली त्यांनी पाहिल्या आणि तरीही बक्षीस म्हणून मिळालेले मजूर स्वीकारले. १५१४ साली पेंटेकॉस्टच्या सणासाठी प्रवचन तयार करीत असताना बेनसिराच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय त्यांच्यासमोर आला. गोरगरिबांचे लुबाडून परमेश्वराला केलेले अर्पण त्याला मान्य होत नाही, असा त्याचा आशय आहे. ही वचने त्यांनी पूर्वी किती वेळा वाचली असतील! त्या दिवशी मात्र वेदीवरील भाकरीमागे त्यांना ती पिकवणारे हात दिसले. १५ ऑगस्ट १५१४ रोजी भर प्रवचनात त्यांनी आपले सगळे मजूर सोडून देत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर १५६६ साली मृत्यू येईपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, ते या एकाच कारणासाठी झगडले. समुद्र पार करून पुनःपुन्हा राजदरबारी गेले, बिशप झाले, आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये या लोकांच्या स्वातंत्र्याचा आणि मालमत्तेच्या हक्काचा उच्चार केला, १५४२ मध्ये स्पेनच्या राजाने नवे कायदे केले, यांमागे अशाच मूठभर धर्मगुरूंचे श्रम होते.

येथे थांबलो असतो तर ही एक संतचरित्रासारखी कथा झाली असती. परंतु सत्य याहून अवघड आहे. १५१६ साली लास कासास यांनी राजदरबारापुढे नव्या, न्याय्य वसाहतीची एक सविस्तर योजना मांडली. स्थानिक लोकांच्या वस्त्या, त्यांच्या कामाचे तास, विश्रांती, इस्पितळे, सगळे काही तिच्यात होते. आणि स्थानिकांवरील श्रमांचा भार हलका व्हावा म्हणून बाहेरून गुलाम आणावेत, ही सूचनाही तिच्यात होती. पुढेही काही वर्षे आफ्रिकी गुलाम आणण्याची मागणी ते करीत राहिले. ज्या माणसाच्या डोळ्यांवरील पडदा तायनोंच्या बाबतीत दूर झाला होता, त्याला आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेला माणूस दिसला नाही.

योगायोग असा की त्याच १५१६ साली बेल्जियममधील लूव्हाँ येथे थॉमस मोर यांचा ‘युटोपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदर्श राज्याच्या कल्पनेला जगाने पुढे ज्या ग्रंथाचे नाव दिले, तो हा ग्रंथ. थॉमस मोर यांनी सदसद्विवेकबुद्धीसाठी १५३५ मध्ये प्राण दिले; १९३५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या त्या कल्पित बेटावर खासगी मालमत्ता नाही, कोणी उपाशी नाही, सोन्याची कोणाला हाव नाही. पण तेथेही गुलाम आहेत. नागरिकांची मने कठोर होऊ नयेत म्हणून जनावरे कापण्याचे काम गुलामांकडे आहे आणि त्यांच्या साखळ्या सोन्याच्या आहेत. ग्रंथात उपरोध कोठे आणि प्रतिपादन कोठे, यावर पंडितांचे मतभेद आहेत. तरीही त्या आदर्श बेटाची स्वच्छता कोणाच्या तरी हातांवर उभी आहे आणि ते हात नागरिकांचे नाहीत, हे नजरेआड करता येत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग उत्तम जगाची स्वप्ने पाहूच नयेत. हा आक्षेप हलका नाही. विसाव्या शतकाने आदर्श समाजाच्या नावाखाली किती रक्त सांडलेले पाहिले! १७ एप्रिल १९७५ रोजी कंबोडियात ख्मेर रूज सत्तेवर आले आणि त्यांनी राजधानीतील लोकांना, अगदी इस्पितळातील रुग्णांनाही, बाहेर काढून शेतांकडे हाकलले. त्यांच्याही मनात एका समतेच्या राज्याचा नकाशा होता. पण स्वप्ने न पाहणारी माणसे निरपराध असतात असेही नाही. हिस्पानिओलातील वसाहतवाल्यांना कसलेही स्वप्न नव्हते. जग असेच असते आणि असेच चालायचे, एवढीच त्यांची धारणा होती आणि तेवढीच पुरेशी घातक ठरली. प्रश्न स्वप्न पाहावे की पाहू नये हा नसून, नकाशा कोणाबरोबर बसून काढला हा आहे. ज्याच्यासाठी जग सुधारायचे त्याला न विचारता काढलेला नकाशा आज ना उद्या त्याच्या घरावर माड लावतो.

लास कासास यांच्या थोरवीचा खरा पुरावा मला त्यांच्या वार्धक्यात सापडतो. पोर्तुगीज व्यापारी आफ्रिकेतील लोकांना कसे पकडतात याची माहिती त्यांना पुढे मिळाली आणि आपण दिलेला सल्ला किती अन्याय्य होता हे त्यांनी ओळखले. आपल्या ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात त्यांनी ही चूक स्वतःच्या हाताने लिहून ठेवली; देवाच्या न्यायासनापुढे आपले अज्ञान ही सबब चालेल अशी खात्री आपल्याला वाटत नाही, असा कबुलीजबाब दिला. चूक त्यांनी दडवली नाही, म्हणून तर आज आपण तिच्याविषयी बोलू शकतो. तोपर्यंत गुलामांची जहाजे समुद्रावर चालू लागली होती, आणि त्यांचा पश्चात्ताप ती थांबवू शकला नाही, हेही तितकेच खरे. ज्या शतकात हे घडत होते त्याच शतकात, १५३४ साली, आपली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि येथील ख्रिस्ती समाजाचा पाया घातला गेला. पूर्वेकडील पोर्तुगीज वसाहतींतही गुलाम विकले जात होते. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही.

गुलामांच्या त्या दुःखाचा प्रतिध्वनी तीन शतकांनंतर पुण्यात उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. जोतीराव कधी अमेरिकेत गेले नव्हते. तरी तेथील मळ्यात राबणाऱ्या निग्रोच्या पाठीवरील वळ आणि येथील शूद्रातिशूद्राच्या कपाळावरील अपमान यांचे नाते त्यांना दिसले. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती पाच वर्षे आधीची गोष्ट. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. साता समुद्रांपलीकडे गेलेल्या त्यांच्या कल्पनाशक्तीने सुरुवात स्वतःच्या अंगणातील पाण्यापासून केली होती. लास कासास यांनीही राजाला पत्र लिहिण्याआधी आपले मजूर सोडले होते. ज्या कल्पनेची किंमत आपल्या घरातून चुकती होत नाही, ती कितीही उदात्त असली तरी अजून मनोराज्यच आहे, असे मी मानतो.

या दृष्टीने आपल्या स्मरणातील एक प्रसंग पाहा. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली; अंमल चार तासांनी सुरू होणार होता. हेतू माणसांचे प्राण वाचवण्याचा होता. आपण सर्वांनीच तो मान्य केला. ‘घरीच राहा’ हे शब्द मीही माझ्या भाविकांना कळवले. परंतु घरी राहण्यासाठी घर लागते, घरात दाणे लागतात, आणि रोजची मजुरी थांबली तरी चूल पेटावी लागते. हजारो मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा कुठे ते आपल्याला दिसले. ८ मे २०२० रोजी पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून निघून रुळांवरच झोपी गेलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. एका कोणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र त्या छायाचित्रात आमच्या सभागृहातील नकाशा दिसला. त्या मजुरांनी बांधलेल्या इमारतींत राहून आपण ज्या उद्याची आखणी करीत होतो, त्यात त्यांना जागा नव्हती.

आता आमच्या नकाशाचे काय झाले, ते सांगून हा लेख संपवतो. मी तो भिंतीवरून काढला आणि परिषदेपुढे झालेली चूक माझ्या नावावर मांडली. मला वाटले होते, सारे एकमताने ती सुधारतील. तसे झाले नाही. काहींना ते पटले. काही म्हणाले की त्या कुटुंबांची सोय दुसरीकडे करू, पण काठ मोकळा हवा. काहींना वाटले की फादर भावनेच्या आहारी गेले. मग आम्ही त्या पाच घरांतील माणसांना बैठकीला बोलावले. पहिल्या दोन बैठकांत ती दाराशीच उभी राहिली, बोलली नाहीत. तिसऱ्या बैठकीत त्या वृद्धेचा मुलगा म्हणाला की बाके आणि वाचनालय चांगलेच आहे, पण आमच्या बायकांना पाण्यासाठी रस्त्यापलीकडे जावे लागते. बावखलाच्या काठावर राहणाऱ्यांना पिण्याचे पाणी नाही, ही गोष्ट आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होती, हे मी विचारण्याचे धाडस केले नाही.

तीन वर्षे हा वाद चालला. घरे जागेवर राहिली, तेथे नळ आला. गाळ निघाला, पण बाग अर्धीच झाली आणि वाचनालयासाठी जमलेला निधी इतरत्र वळवावा लागला. दोन मान्यवर कुटुंबांनी त्या काळात माझ्याशी बोलणे सोडले. त्यांपैकी एक अजूनही बोलत नाही. वर्धापन सोहळ्याच्या स्मरणिकेत छापण्यासारखे चित्र आमच्याजवळ उरले नाही. पूर्वीच्या नकाशाइतके देखणे असे तेथे आज काहीच नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. नव्या धर्मग्रामात एखादी योजना पुढे आली की मी परिषदेला आधी एक काम सांगतो: या कागदावर कोण नाही, त्यांची यादी करा. यादी कधीच पूर्ण होत नाही. लास कासास यांच्यासारख्या महात्म्याची झाली नाही, तेथे आपली काय कथा? वाचकहो, आपणही आपल्या घराचा, सोसायटीचा, संस्थेचा नकाशा एकदा भिंतीवरून काढून हातात घ्यावा, एवढीच विनंती. आपल्या दाराशी येऊन खड्डे खणायचे काम मागणारे कोणी आहे का, ते एकदा पाहावे. आणि असल्यास माड कोठे लावायचे, हे आधी त्या व्यक्तीला विचारावे.